फ्लिंट जॅक : खऱ्या हाताचा खोटा माणूस

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकते. पहिली अशी की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो, पण शाळेत मराठी बोललं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे लेखात कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरी कबुली जरा जड आहे. सेकंड इयरला आमच्या बॅचने मशीन ड्रॉइंगच्या ज्या शीट्स सबमिट केल्या, त्यातल्या एकाच शीटच्या अकरा कॉप्यांवर हात माझा होता. नावं अकरा, रोल नंबर अकरा, पण हात एकच.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना जीटी काय असते ते सांगायला नको. काच, काचेखाली टेबल लॅम्प, वर मित्राची शीट आणि त्यावर आपला कोरा कागद. पण जीटी मारलेल्या शीटची रेघ थरथरते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ती जास्तच थरथरते. माझी रेघ मात्र सरळ येते. लेटरिंग तर छापल्यासारखं. शाळेत सिस्टरांनी चार रेघी वहीत अक्षर घोटून घेतलं, त्याचं हे फळ. आधी एका मैत्रिणीसाठी मॅगीवर एक शीट काढून दिली. मग तिच्या मैत्रिणीसाठी. मग बॉईज हॉस्टेलवरून निरोप यायला लागले आणि दर ठरला, शीटमागे पन्नास रुपये. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

पकडलं गेलो ते पाच या आकड्यामुळे. माझ्या पाचाची टोपी जरा जास्तच लांब असते. सरांनी अकरा शीट्स टेबलावर ओळीने मांडल्या आणि काही न बोलता प्रत्येक शीटवरच्या पाचावर बोट ठेवत गेले. अकराच्या अकरा रद्द झाल्या. त्यात माझी स्वतःचीही होती. सर ओरडले नाहीत. एवढंच विचारलं की हात एवढा चांगला आहे, तर यातली तुझी शीट कोणती? मी शीट्सकडे बघत राहिले. टायटल ब्लॉक झाकला तर मलाही ओळखता येत नव्हती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे फ्लिंट जॅक. थर्ड इयरच्या सेमिनारला मी ठिसूळ पदार्थ कसे तुटतात हा विषय घेतला होता. काच, सिरॅमिक, गारगोटी. वाचता वाचता चकमकीच्या बंदुकीवर आले, तिथून चकमकीचे दगड हाताने तासणाऱ्या कारागिरांवर, आणि तिथून या माणसावर. सेमिनार बाजूला राहिला आणि दोन रात्री मी त्याच्याच मागे होते.

जॅककडे जाण्याआधी चकमकीचं थोडं सांगायला हवं. पोलीस आणि दरोडेखोरांत चकमक झडली असं आपण पेपरात रोज वाचतो, पण तो शब्द मुळात दगडाचा आहे हे विसरून गेलोय. फ्लिंट हा सिलिकाचाच एक प्रकार, गारेचा जवळचा नातेवाईक. इंग्लंडमध्ये तो खडूच्या थरांत गोळ्यांच्या रूपात सापडतो. बाहेरून पांढरी साल आणि फोडला की आत काळाभोर, काचेसारखा.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या दाढेत या दगडाचा चौकोनी तुकडा चामड्यात गुंडाळून घट्ट आवळलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे आपटतो, दगडाची धार पोलादी पट्टीवर खरवडते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर पडतात, रंजक पेटतं आणि बार उडतो. आपल्याला वाटतं ठिणगी दगडाची. पण नाही! ठिणगी पोलादाची असते. दगड पोलादापेक्षा कठीण, म्हणून तो त्याचे बारीक कण तासून काढतो आणि ते कण हवेत जळतात. दगडाचं काम फक्त धारदार राहणं. ती धार थोड्याच बारांत बोथट होते आणि मग नवा तुकडा लागतो. १८०३ साली आपल्या जालन्याजवळ असईला लढाई झाली, तेव्हा कंपनीच्या पलटणींच्या हातात याच चकमकीच्या बंदुका होत्या. आता विचार करा, प्रत्येक शिपायाला असे किती तुकडे लागत असतील.

हे तुकडे करणारं सगळ्यात नावाजलेलं गाव म्हणजे इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं ब्रँडन. तिथे खाणकामगार अरुंद विहिरींसारखे खड्डे खणून काळा फ्लिंट वर काढायचे. पुढचं काम तीन टप्प्यांत. आधी मोठा गोळा मांडीवर बांधलेल्या चामड्याच्या गादीवर ठेवून हातोड्याने फोडायचा. मग त्या फोडींच्या कडेवर नेमका टोला देऊन लांब पाती काढायच्या. शेवटी ती पात लाकडी ठोकळ्यात ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर धरून पातळ हातोडीने तुकडे पाडायचे. सरावलेला कारागीर तासाला ३०० तुकडे पाडायचा म्हणतात. या कामाची किंमतही मोठी होती. दगडाची धूळ छातीत जायची आणि कारागीर तरुणपणीच खोकून खोकून मरायचे.

दगडावर टोला मारला की तो वाट्टेल तसा फुटतो असं मला वाटायचं. पण फ्लिंटला क्रिकेटच्या बॅटसारखे रेषे नसतात. त्यामुळे टोल्याचा जोर एका शंकूच्या आकारात आत पसरतो आणि दगड शिंपल्यासारख्या गोलाईत सुटतो. कडेचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी हवा, टोला कडेच्या जरा आत हवा, मनगट सैल हवं. ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरने १९२० साली काचेवर प्रयोग करून भेगा कशा वाढतात याचं गणित मांडलं, ते आपण मटेरियल सायन्सला पाठ करतो. दगड तासणाऱ्यांना ते मनगटात हजारो वर्षांपासून ठाऊक होतं.

आता जॅक. त्याचं खरं नाव एडवर्ड सिम्पसन. जन्म १८१५ चा, म्हणजे ज्या वर्षी वॉटर्लूला चकमकीच्या बंदुका शेवटच्या मोठ्या प्रमाणावर धडाडल्या त्या वर्षीचा. गाव स्लाइट्स, यॉर्कशरमधल्या व्हिटबी बंदराजवळचं. चौदाव्या वर्षी तो व्हिटबीच्या जॉर्ज यंग यांच्याकडे नोकरीला लागला. यंग धर्मोपदेशक होते, पण त्यांना भूगर्भशास्त्राचं वेड. समुद्रकड्यांमधून जीवाश्म गोळा करायला त्यांच्यामागे पिशवी घेऊन फिरायचं, हे पोराचं काम. पाच वर्षं तो तिथे राहिला. त्यानंतर सहाएक वर्षं डॉक्टर रिप्ली यांच्याकडे. शाळा-कॉलेज काही नाही, पण कुठल्या थरात काय सापडतं, कुठला तुकडा संग्राहकाच्या डोळ्यात चमक आणतो, हे तो दगड हातात घेऊन शिकला. आजच्या भाषेत अकरा वर्षांची इंटर्नशिप.

व्हिटबीचं आणखी एक वैशिष्ट्य. तिथे शंखाच्या वेटोळ्यासारखे ॲमोनाइट नावाचे जीवाश्म सापडतात. जुन्या दंतकथेप्रमाणे ते म्हणजे सेंट हिल्डाने दगड करून टाकलेले साप. पण दगडी सापाला डोकं नाही, मग गिऱ्हाइकाला पटणार कसं? म्हणून तिथले विक्रेते त्या जीवाश्मावर सापाचं डोकं कोरून विकायचे. ज्या गावात पोराने व्यवसाय बघितला, तिथे खऱ्यावर खोट्याचं डोकं बसवायची पद्धत आधीपासूनच होती. हे मी त्याची बाजू घेण्यासाठी नाही सांगत. पण आपणही पहिल्या वर्षी हॉस्टेलवर येतो तेव्हा सीनियर जीटीची काच हातात देतातच की.

डॉक्टर रिप्ली वारले आणि त्याची नोकरी गेली. मग तो खांद्यावर झोळी टाकून किनाऱ्याने फिरायला लागला. जीवाश्म गोळा करायचे, घासूनपुसून विकायचे, पुढच्या गावी जायचं. इथपर्यंत सगळं सचोटीचं होतं. लोक त्याला फॉसिल विली म्हणायचे. पुढे त्याला बरीच नावं पडली. बोन्स, शर्टलेस, कॉकनी बिल आणि फ्लिंट जॅक. एका माणसाला एवढी नावं कशाला लागतात? आपल्या नावाने काही करायचं नसेल तर लागतात.

१८४३ साली व्हिटबीतल्या एका विक्रेत्याने त्याला फ्लिंटचं एक बाणाग्र दाखवलं. पुरातन, दोन्ही बाजूंना मागे वळलेले काटे असलेलं. असं तुला करता येईल का, एवढंच त्याने विचारलं. माझ्या मते याच्या आयुष्याची दिशा त्या क्षणी बदलली. कारण प्रश्न कारागिराला विचारला होता. चोरी कर असं कुणी म्हटलंच नव्हतं. करून बघतो म्हणून तो कामाला लागला.

खूप दगड फोडले, जमेना. मग एकदा गेटची एक वाकडी लोखंडी कडी त्याच्या हातात आली. तिने फ्लिंटवर सहज टोला मारला आणि सुंदर, पातळ टवका सुटून आला. झालं! बाकीचं मनगटाने शिकवलं. पुढे आयुष्यभर त्याची हत्यारं म्हणजे गोल टोकाची लोखंडी दांडी आणि सुताराचा टोच्या. एवढ्या सामानावर तो बाणाग्रं करायचा. त्याला ना ब्रँडनच्या कारागिरांसारखी गादी होती, ना ठोकळा, ना शिकवायला बाप-आजा.

हे किती अवघड आहे ते मी करून पाहिलं. चकमकीच्या बंदुका उडवण्याचा छंद असलेले लोक परदेशात आजही आहेत, आणि त्यातले काही जण स्वतःच्या बंदुकीचे दगड स्वतः तासतात. शिकणारे बऱ्याचदा बाटलीच्या जाड बुडापासून सुरुवात करतात, असं वाचलं. काच मिळायला हॉस्टेलवर काय अडचण! वर्कशॉपचा गॉगल, हातमोजे आणि नदीकाठचा एक गोल गोटा घेऊन हॉस्टेलच्या मागच्या अंगणात बसले. पहिल्या टोल्याला बुडाचे तीन तुकडे झाले. दुसऱ्या बाटलीला कोन चुकला. चौथ्या बाटलीला पहिल्यांदा एक टवका निघाला, शिंपल्यासारखा, त्याच्यावर पाण्यातल्या तरंगांसारख्या रेषा. मी तो उन्हात धरून बघत बसले. हातमोज्यातूनही बोट कापलं होतं, ते नंतर कळलं. रेक्टर मॅडमनी झाडून घ्यायला लावलं ते वेगळंच. बाणाग्राचं तर नावच नको. चौकोनी तुकडाही जमला नाही.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्कॉटलंडमधले एक धर्मोपदेशक, अलेक्झांडर फोर्साइथ, यांना शिकारीचा नाद होता. रंजक पेटलेलं दिसताच पाखरं सावध होतात म्हणून वैतागून त्यांनी टोल्याने पेटणारी दारू बंदुकीत आणली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली आणि १८३९ च्या सुमारास ब्रिटिश सैन्य तिच्याकडे वळायला लागलं. चकमकीची गरज संपत चालली. ब्रँडनचे कारागीर आफ्रिकेला माल पाठवून पुढे कित्येक दशकं तग धरून राहिले, पण पूर्वीचे दिवस गेले. म्हणजे ज्या काळात फ्लिंट तासण्याच्या प्रामाणिक धंद्याला उतरती कळा लागली, नेमकं तेव्हाच जॅकला फ्लिंट तासता यायला लागलं. कौशल्य आलं आणि बाजार गेला. आपल्यातल्या पुष्कळांना ही भीती आहे ना? चार वर्षं एक गोष्ट शिकायची आणि बाहेर पडेपर्यंत तिची गरजच संपलेली.

पण दुसरा बाजार मात्र वाढत होता. सधन लोकांना जुन्या वस्तू जमवायचं वेड लागलं होतं. शेतात सापडलेलं बाणाग्र म्हटलं की पैसे मिळायचे. तेच बाणाग्र मी काल संध्याकाळी केलं असं सांगितलं की काही नाही. दगड तोच, हात तोच, मेहनत तीच. किंमत वस्तूला नव्हती, गोष्टीला होती. मग जॅकने गोष्टही करायला घेतली. अमुक टेकडीवर, तमुक शेतात नांगराखाली सापडलं.

बाणाग्रांवर तो थांबला नाही. ब्रिडलिंग्टनच्या किनाऱ्यावर मातीचे कुंभ करून ते प्राचीन अस्थिकलश म्हणून विकले. एकदा माल्टनजवळ त्याला चहाचा जुना ट्रे सापडला. त्याने तो ठोकून ठोकून रोमन सैनिकाचं छातीवरचं चिलखत केलं, स्वतःच्या अंगावर बसवून पाहिलं आणि विकून मोकळा झाला. हे वाचताना मी हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये एवढी हसले की सगळ्या वळून बघायला लागल्या. मेसच्या ट्रेकडे तेव्हापासून मी वेगळ्याच नजरेने बघते.

हसण्यासारखं इथेच संपतं. १८४६ पासून तो दारू प्यायला लागला. त्याआधी त्याच्या गाठीला नेहमी पाच पौंड असायचे, त्यानंतर कधीच नाही, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तो पायी फिरला. दगड सापडेल तिथे बसायचं, तासायचं, विकायचं, प्यायचं, पुढे जायचं. ज्या गावात विकलं तिथे परत जायची सोय नाही, कारण गोष्ट उघडी पडलेली असायची. चांगला कारागीर एका जागी राहिला की त्याचं नाव होतं. जॅकला नाव होण्याचीच भीती होती.

१८५९ हे वर्ष या सगळ्यात फार महत्त्वाचं. त्या वर्षी जॉन एव्हान्स आणि जोसेफ प्रेस्टविच हे दोघे फ्रान्सला सोम नदीच्या खोऱ्यात गेले आणि नामशेष प्राण्यांच्या हाडांच्या थरांतच माणसाने घडवलेली दगडी हत्यारं आहेत अशी त्यांची खात्री पटली. म्हणजे माणूस वाटलं होतं त्यापेक्षा खूप जुना निघाला. वर्षअखेरीस डार्विनचं पुस्तक आलं. १८६३ साली आपल्याकडे मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांना दगडी हत्यार सापडलं. जगभर लोक जमिनीकडे वाकून बघायला लागले होते. पण मागणी वाढली की नक्कल वाढते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मूलँ किन्यॉं इथल्या खाणीत प्राचीन जबडा आणि हत्यारं मिळाली म्हणून गाजावाजा झाला. तोही मजुरांनी बक्षिसासाठी पेरलेला माल निघाला.

आता जॅकचा गुन्हा नुसता गमतीचा राहत नाही. सधन माणसाने खोट्या बाणाग्राला पैसे मोजले तर त्याचा खिसा हलका झाला, एवढंच. पण अभ्यासकाने तेच बाणाग्र नकाशावर नोंदवलं की त्या जागी जी माणसं कधी राहिलीच नाहीत, त्यांचा इतिहास तयार होतो. खोटी शीट सरांना फसवते. खोटं रीडिंग त्यापुढच्या सगळ्यांना फसवतं. लॅबमध्ये उलटं कॅल्क्युलेशन करून रीडिंग बसवणाऱ्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनीच, हे वाक्य परत वाचावं.

लंडनला जेम्स टेनंट नावाचे खनिजांचे जाणकार होते. किंग्ज कॉलेजात शिकवायचे आणि स्ट्रँडवर त्यांचं दुकान होतं. त्यांनी जॅकला ओळखलं आणि तोंडावर विचारलं. जॅकने कबूल करून टाकलं. टेनंटनी पोलिसांना बोलावलं नाही. त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. जानेवारी १८६२ मध्ये जिऑलॉजिस्ट्स असोसिएशनच्या सभेत त्यांनी जॅकला सगळ्यांसमोर बसवलं.

मी ती संध्याकाळ डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करते. सभागृहात सुटाबुटातली विद्वान मंडळी. समोर उन्हापावसाने रापलेला, सेहेचाळीसच्या आसपासचा माणूस, चिंध्या झालेला कोट, पायांत मजुराचे जड बूट. सोबत दगड, लोखंडी दांडी, टोच्या. तो बसला आणि तासायला लागला. टवके उडत गेले आणि बघता बघता त्या काळ्या दगडातून बाणाग्र निघालं. ज्यांच्या संग्रहात बहुधा त्याचाच माल असेल, अशी माणसं खुर्च्यांतून पुढे वाकून बघत होती. झालेली बाणाग्रं त्याने तिथेच सहा-सहा पेन्सला विकली आणि ती हातोहात खपली.

त्या सहा पेन्सवर मी बराच वेळ अडकून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरी गोष्ट सांगून विकत होता. हे मी केलंय, आत्ता, तुमच्यासमोर. आणि तरी घेणारे होते. भाव फार नव्हता, पण भाव होता.

या कामातून त्या विद्वानांनाही शिकायला मिळालं. दगड कसा सुटतो, लोखंडाच्या टोल्याची खूण कशी उमटते, ताजा पृष्ठभाग कसा दिसतो, हे ज्याने पाहिलं त्याला खरं-खोटं ओळखायची दृष्टी आली. हजारो वर्षं जमिनीत राहिलेल्या फ्लिंटवर एक झाक चढते, ती जॅकच्या हाताला आणता येत नव्हती. पुढे एव्हान्सनी १८७२ साली दगडी हत्यारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ब्रँडनच्या कारागिरांची पद्धतही अभ्यासली आहे. जुना माणूस हत्यार कसं करत होता हे कळायला आजचा माणूस ते कसं करतो हे बघावं लागतं, ही कल्पना तेव्हापासून मुरत गेली. आज पुरातत्त्वाचे विद्यार्थी दगड तासायला शिकतात.

मग जॅक सुधारला का? इथे हिंदी सिनेमा असता तर त्याला त्या असोसिएशनमध्ये नोकरी लागली असती आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तसं झालं नाही. लोकांनी त्याची गंमत पाहिली, त्याचा फोटो काढला, माल घेतला आणि घरी गेले. तो परत रस्त्यावर आला. आता तर त्याच्या खोटेपणाचीच कीर्ती झाली होती, त्यामुळे जुना धंदाही धड चालेना. आणि दारू होतीच. १८६७ साली बेडफर्डला चोरीच्या गुन्ह्यात त्याला बारा महिन्यांची शिक्षा झाली. बघा, इतकी वर्षं खोटी बाणाग्रं विकली त्याबद्दल नाही, साध्या चोरीबद्दल. त्याच वर्षी चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात त्याच्यावर लेख आला, आणि ल्युएलिन ज्युइट या पुरातन वस्तूंच्या अभ्यासकांनी आपल्या नियतकालिकात त्याची हकीकत सविस्तर छापली. बाहेर नाव गाजत होतं आणि आत माणूस खडी फोडत असेल किंवा दोर उसवत असेल. सुटल्यावर पुन्हा तीच भटकंती, आणि तिथून पुढे तो हळूहळू लोकांच्या नजरेआड गेला.

मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली तेव्हा रूममध्ये दोन तट पडले. एकीचं म्हणणं, फसवणारा तो फसवणारा, त्याचं कसलं कौतुक. दुसरीचं म्हणणं, गरिबाच्या पोराला सरळ मार्गाने कुणी पैसे दिले असते तर तो कशाला खोटं बोलला असता. मला दोघींचंही अर्धं पटतं. टेनंटसारखा माणूस त्याला विसाव्या वर्षी भेटायला हवा होता, सेहेचाळीसाव्या नाही. पण हेही खरं की बाणाग्र करताना त्याचा हात खोटा नव्हता. टोला खोटा मारताच येत नाही. कोन चुकला तर दगड ऐकत नाही, तिथे वशिला चालत नाही. खोटं नंतर सुरू होतं, वस्तूवर चिठ्ठी लावताना.

आजचे छंदी लोक याबाबतीत एक फार चांगली गोष्ट करतात. दगड तासून झाला, मग तो बाणाग्राचा असो की चाकूचं पातं, त्यावर हिऱ्याच्या टोकाने आपली सही आणि वर्ष बारीक कोरून ठेवतात. उद्या तो तुकडा कुणाच्या हाती पडला तरी त्याने फसू नये म्हणून. मला वाटतं हे जॅकचंच उत्तर आहे, फक्त दीडशे वर्षं उशिरा सुचलेलं. आणि गंमत बघा. जी बाणाग्रं त्याने भलत्याच शेतांच्या आणि टेकड्यांच्या नावाने खपवली, त्यातली काही इंग्लंडमधल्या संग्रहालयांनी आज जपून ठेवली आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर आता ना शेत आहे, ना टेकडी. तिथे फ्लिंट जॅकचं नाव आहे.

माझी रद्द झालेली शीट मी परत काढली. प्लमर ब्लॉकची असेंब्ली, सेक्शनल फ्रंट व्ह्यू. या वेळी लाइट गेले होते म्हणून मेणबत्तीवर काढली आणि रेघा थोड्या हलल्याही. बाकीच्या दहा जणांनी आपापल्या काढल्या. दोघांच्या तर माझ्यापेक्षा चांगल्या आल्या, हे मला थोडं लागलंच. आता कुणी शीट मागायला आलं तर काढून देत नाही, शेजारी बसवून पेन्सिल कशी धरायची ते दाखवते. त्याचे पैसे घेत नाही. मॅगी मात्र घेते.

पाचाची टोपी अजूनही लांब येते. सरांनी ती सुधारायला सांगितली नाही, आणि मीही सुधारलेली नाही.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)